जोडीचा बयाणा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं शहाणी माणसं सांगतात. वेवजी गावच्या देवजीने घर बांधलं होतं, कुडाचं का होईना. लग्न तेवढं राहून गेलं होतं. बुधी त्याच्याकडे नांदायला आली त्याला वीसेक वर्षं झाली. दीपेश झाला, रोशनी झाली, पण लग्न लावणाऱ्या धवलेरीला बोलावून, मांडव घालून, गाव जेवू घालून करायचं ते लगीन पैशांपायी दर साली पुढच्या सालावर जात राहिलं. पाड्यावर याचं कुणाला नवल नव्हतं. आधी संसार, पैसे जमले की लगीन, ही तिथली जुनी रीत, आणि खरं सांगायचं तर शहाणपणाची. अडचण एकच होती. आईबापाचं लगीन झाल्याशिवाय पोराचं करता येत नाही.

आणि आता पोराची वेळ आली होती. दीपेश निलमला घेऊन वापीला खोली करून राहत होता. निलमचा बाप काकड्या मोठा बोलका माणूस, म्हणजे बोलू नये ते आधी बोलणारा. एका जेवणावळीत चार माणसांदेखत तो म्हणाला, "ज्याचा स्वतःचा लगीन नाय झाला, तो पोराचा काय करल?" माणसं हसली. देवजीही हसला, पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. येत्या उन्हाळ्यात एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकायची, असं त्याने ठरवून टाकलं. पैसे कुठून आणणार, ते मात्र सांगेना. बचत गटात साठवलेले थोडे होते, तेही आदल्या साली नोटाबंदीत बुधीच्या कंपनीचं काम बंद पडलं तेव्हा खाण्यातच गेले होते.

बुधीला उत्तर मिळालं ते दिवाळी सरल्यावर, एका सकाळी नाक्यावर. गुजरातच्या सीमेपलीकडे उंबरगावच्या एका कंपनीत ती रोजावर पॅकिंगला जायची. टेम्पोची वाट बघताना शेजारची जयश्री सहज म्हणाली, "देवजीदादा तलासरीला गेला ना? काळ्या मुकादमाबरोबर रिक्षात बसताना बघितला."

काळ्या मुकादम म्हणजे वीटभट्टी. भिवंडीकडच्या भट्ट्यांसाठी तो माणसं गोळा करायचा आणि आधीच बयाणा द्यायचा. तोही जोडीला, नवरा-बायको मिळून. एकट्यादुकट्याला तो दारात उभं करत नसे. बयाणा खिशात पडला की घराला कुलूप, आणि पावसाळ्यापर्यंत अख्खं बिऱ्हाड भट्टीवर. रोशनी यंदा दहावीला होती. परीक्षा मार्चात. तिला एकटीला पाड्यावर कोण ठेवणार? दीपेशची शाळा अशीच एका बयाण्यात सुटली होती, आठवीत. पुढच्या साली जाईल, असं तेव्हा दोघंही म्हणाले होते.

टेम्पो आला. बुधी त्यात चढली नाही. त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडून तिने उलट्या दिशेची रिक्षा पकडली.

रिक्षावाला दर फाट्यावर थांबून सवारीला हाका मारत होता आणि बुधी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती. मग तिने देवजीला घातल्या. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असला माणूस. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? विचारलं नाही, कारण ती नाही म्हणेल हे त्याला ठाऊक होतं. याचाच तिला जास्त राग आला.

तलासरीत हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर काळ्या बाकड्यावर ऐसपैस बसला होता. समोर देवजी. आजूबाजूला त्यांच्याच बाजूची पाच-सहा माणसं. नोटा देवजीच्या हातात होत्या, खिशात अजून गेल्या नव्हत्या.

"ये वहिनी, बरा झाला आलीस," काळ्या म्हणाला. "जोडीचा अंगठा एकदमच होऊन जाल."

"पैसे परत दे," बुधी देवजीला म्हणाली.

"तू घरी जा."

"रोशनीची दहावी हाय."

"लगीन झाला की देल परीक्षा. पुढच्या साली."

"दीपेशची पण पुढच्या सालीच होती," बुधी म्हणाली. देवजीने मान वळवली.

काळ्या हसला. "वहिनी, पोरीला घेऊन ये की. विटा थापायला हात लागतातच. आणि नवऱ्याने बोल दिला, आता बायकोने मागं सरायचा नसतो."

हातापाया पडून हा माणूस ऐकायचा नाही, आणि देवजी तर नाहीच. जे बोलायचं ते तिच्या जिभेवर आलं होतं, आणि ते बोललं की काय होईल हेही तिला नीट ठाऊक होतं. तरी ती बोलली.

"कोणाची बायको? आमचा लगीन झालेलाच नाय. विचार त्याला."

एकाने हसू दाबलं, दुसऱ्याने दाबलं नाही. काळ्याने तोंडातली सुपारी थुंकली. वाड्या-पाड्यांवर त्याचा जन्म गेला होता, रीत त्याला पाठ होती. पण उद्या भर हंगामात ही बाई भट्टीवर उभी राहून हेच बोलली, तर शेठ तिला नाही, त्यालाच धरणार होता.

"देवज्या, तू सांग," तो म्हणाला. "तुझी बायको हाय का नाय? हाय म्हण, पैसे खिशात घाल."

देवजीने बुधीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा उठून कानाखाली देईल. दिली असती तरी चाललं असतं. पण त्याने नोटा बाकड्यावर ठेवल्या.

"नाय झाला लगीन," तो म्हणाला. चार माणसांत स्वतःच्या तोंडाने.

परतीच्या रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, ती मागे. रोशनी परीक्षेला बसणार होती. बुधीला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. काकड्याच्या पाड्याच्या फाट्यावर देवजी अचानक उतरला. बुधीही उतरली. "दोघांचे ना?" ड्रायव्हरने विचारलं. देवजीने एकाचे दिले आणि चालू लागला. बुधीने कमरेची पिशवी सोडून आपले दिले.

तो काकड्याकडे निघाला होता. यंदा लगीन होणार नाही, हे त्याच्या दारात जाऊन सांगायला.

"मी येव काय बरोबर?" तिने मागून विचारलं.

देवजी थांबला, पण वळला नाही.

"कोण म्हणून येशील?"

विचारून तो पुढे निघाला. उत्तर सुचेपर्यंत बुधी थांबली असती, तर तो वळणापलीकडे गेला असता. ती त्याच्या मागून चालू लागली.