वाकलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मित्रांनो, कडीने आपली कहाणी सांगावी असे तिच्यात काय असते, असा प्रश्न मलाही पडतो. पण आता थकले आहे; पडल्यापडल्या थोडे बोलते.

लोहाराच्या हातून घडून मी एका आतल्या खोलीच्या दाराला लागले. घरात नवराबायको दोघेच. तो छापखान्यात मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायचा, ती घरी शिवणकाम करायची. "किती अलगद सरकते बघ!" असे माझे कौतुक झाले होते.

पुढे भांडणे सुरू झाली. कारण राईएवढे असायचे. तिचा आवाज चढला की त्याची छाती धडधडायची, तोंडाला कोरड पडायची. मग तो खोलीत शिरून मला लावून घ्यायचा. दार लागले की तिला वाटायचे, हा आता आपल्याला सोडणार. ती दार बडवायची. ती जितकी बडवायची, तितका तो मला घट्ट धरायचा. त्याच्या बोटांचा थरकाप मला आतून कळे, तिच्या हातांचा लाकडातून. दोघांची भीती एकच होती. पण मी कोणाला सांगणार?

असे धक्के खाऊन खाऊन मी वाकले.

एका दुपारी ती बाहेरून म्हणाली, "पुरे झालं. मी ताईकडे चालले, कायमची. तू कर त्या दाराशी संसार!"

त्याने घाईने मला ओढले. मी हललेच नाही.

"अगं, थांब! कडी अडकलीय."

"आज कडी का? मागच्या वेळी डोकं दुखत होतं."

"खरंच गं! मला बाहेर येता येत नाहीये."

त्याचा आवाज रडवेला झाला होता. बाहेर पिशवी खाली टेकली. थोड्या वेळाने शिलाई मशीनचा छोटा पेचकस दाराखालून आत सरकला.

"हात थरथरतोय. स्क्रू फिरत नाही."

"मग बस जरा. मीही बसते इथंच."

दाराला दोन्हीकडून पाठी टेकल्या.

"तू दार लावलंस की वाटतं, संपलं सगळं," ती म्हणाली.

"मी पळत नाही गं. दम घ्यायला येतो इथं."

"मग तसं सांगून जावं माणसानं!"

"सांगायलाही दम लागतो."

तिने पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आत जाताना नुसता हात वर कर. 'येतो' म्हणालास असं समजेन. पण यायचं हं."

शेवटी स्क्रू सुटले. मी दारावरून उतरले. नवी कडी कोणी आणली नाही.

हल्ली मी तिच्या बटणांच्या डब्यात गंजत असते. भांडणे अजून होतात. त्याचा हात वर जातो, दार नुसते लोटले जाते. ती चिंधीवर मशीन चालवत वाट पाहते. कधी फार वेळ लागतो, तेव्हा माझाही जीव टांगणीला लागतो. मग दार करकरते.

मित्रांनो, कड्यांना तेल जरूर घाला. पण दार लावण्याआधी आपल्या माणसाला 'येतो' एवढे कळू द्या. मी इतकी वर्षे दार लावले. तेवढे मात्र मला कधी म्हणता आले नाही.