तिचं नाव पुसायला कोणी आलं नाही

मित्रांनो, जरा थांबा. मी एक जुना फळा आहे, पण तुमच्या शाळेतला नव्हे. सोसायटीच्या खताच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मी सहा वर्षं उभा आहे. शाळेला फळा कमी पडतो म्हणून गुरुजींनी तुम्हाला मला न्यायला पाठवलं, हे मी ऐकलं आहे. न्या, माझी ना नाही. फक्त मला वळवू नका. का, ते सांगतो.

आमच्या गावात सोसायटी निघाली त्या वर्षी ईरण्णा सुतारानं मला घडवलं. चार सागवानी फळ्या जोडल्या, रंधा मारला आणि बॅटरीच्या जुन्या सेलमधला काळा मसाला काजळीत घोटून माझ्या अंगावर तीन हात दिले. उन्हात वाळल्यावर मी असा काळाभोर झालो की सोसायटीचे सेक्रेटरी गुरुसिद्धप्पा म्हणाले, "ह्याच्यावर वाकडं अक्षर लिव्हायला माणूस लाजंल बघ." बोलून चालून मी लाकूड, पण त्या दिवशी फुगलो होतो हे कबूल करतो.

सोसायटीच्या ओसरीवर, बाजारतळाकडे तोंड करून मला टांगलं. गुरुसिद्धप्पा रोज सकाळी पांढरं धोतर सावरत येत आणि माझ्यावर बातमी लिहीत. रेशनची मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, कधी येणार, टँकर कोणत्या गल्लीत थांबणार, तुळजापूरची एस.टी. बंद आहे का. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं, तेही क्षणभर थांबून बघत आणि शेजारच्याला विचारत, "काय लिव्हलंय?"

गावात एक रीत होती. कोणी गेलं की त्या माणसाचं नाव, घर आणि मातीची वेळ माझ्यावर लिहायची. ते नाव पुसायचं मात्र गुरुसिद्धप्पांनी नाही. तिसऱ्या दिवशी घरचं माणूस ओलं फडकं घेऊन येई आणि स्वतःच्या हातानं पुसून जाई. लिंगायत गल्ली असो की बौद्धांचं भीमनगर, रीत एकच. कितीतरी जण आधी नावावरून एकदा बोट फिरवत, मगच फडकं लावत.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसू लागले. गावापासून दोन मैलांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. चार गावांची माणसं तिथं खडी फोडायला जायची. त्यात एक बाई होती. मोठ्या घरची धाकटी सून. त्या घरानं कधी कोणाच्या कामावर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि सासऱ्यांना त्याचा भारी ताठा होता. पण घरात दाणा नव्हता. म्हणून ती पहाटे निघायची, तोंडावर पदर ओढायची आणि हजेरीपटावर 'सुमन' असं नाव सांगायची. हे नाव तिला भीमनगरच्या भिमाबाईनं दिलं होतं. भिमाबाईच्या बहिणीचं होतं ते. दोघी एकाच ढिगावर बसत, कामावर वाटली जाणारी सुकडी एकाच पातेल्यातून खात. कामावरच्या सगळ्या बायांना खरं ठाऊक होतं. एकीनंही गावात तोंड उघडलं नाही. मीसुद्धा तिला सुमनच म्हणणार आहे.

चैत्रातला दिवस होता. दुपारी दोनच्या सुमारास आवाज आले. तिथं रोजच सुरुंग उडत, म्हणून गावात कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळानं बाजारतळावरून माणसं पळत आली. कोणाच्या पायात वहाण नव्हती. ज्याची जमीन तलावात जाणार होती, तो घरातली दोन नळीची बंदूक घेऊन कामावर आला होता. गोळ्या संपेपर्यंत तो झाडत राहिला. जमीन घेणारे साहेब तिथं नव्हतेच. पाच मजूर गेले, तिघं जखमी झाले. त्याचं नाव माझ्यावर कोणी कधी लिहिलं नाही, आणि तरी आज सगळ्या तालुक्याला तेवढं एकच नाव पाठ आहे.

तीन दिवस गावात चूल पेटली नाही असं म्हणतात, पण ते खरं नाही. पेटली, दुसऱ्यासाठी. लिंगायत गल्लीतून भीमनगरात भाकरी गेल्या, भीमनगरातून लिंगायत गल्लीत आल्या. मिलोच्या लालसर भाकरी, घशाखाली न उतरणाऱ्या. आठवडी बाजार भरला नाही. पाचव्या दिवशी बाया पुन्हा कामावर गेल्या, कारण पोटाला सुतक कळत नाही. पण हातोडा पडला की सगळ्या दचकायच्या, असं त्या माझ्यासमोर बसून सांगत.

आता माझ्यावर काय झालं ते ऐका. गुरुसिद्धप्पा जखमींसोबत ट्रकमधून दवाखान्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी ते परतले तेव्हा ओसरीसमोर चार गावांची माणसं उभी होती. आपलं माणूस आहे की गेलं, एवढंच त्यांना हवं होतं. गुरुसिद्धप्पांनी खडू घेतला. पाच नावं लिहिली. मग जखमींची नावं लिहायला घेतली. त्या तिघांत सुमन होती. तेवढ्यात भिमाबाई पुढं आली. त्या पाचांत तिची सासू होती, तरी ती आली.

"अण्णा, सुमनच लिव्हा," ती हळूच म्हणाली. "तिच्या घरला म्या सांगून आले, ती जिती हाय म्हून. गावाला कशाला कळाया पायजे?"

"भिमाबाई, दवाखान्याच्या चिठ्ठीवर खरं नाव हाय. फळ्यावर खोटं लिव्हायचं न्हाय. आजवर लिव्हलं न्हाय."

"खोटं न्हाय व्हो अण्णा. झाकल्यालं हाय."

गुरुसिद्धप्पा सज्जन होते, मित्रांनो. त्यांच्या मनात काडीचं पाप नव्हतं. त्यांनी चिठ्ठी समोर धरली आणि जसंच्या तसं उतरवलं. तिचं खरं नाव, सासऱ्यांचं नाव, आणि गोळी शरीरावर कुठं लागली तेही. बाईमाणसाच्या बाबतीत चारचौघांत जो शब्द कोणी उच्चारत नाही, तो शब्द त्यांनी माझ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. समोरच्या एकानं तो मोठ्यानं वाचला. मागून कोणीतरी हसलं. इतक्या मरणांतही हसलं. ते हसू मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी घरची माणसं आली आणि पाच नावं पुसून गेली. खाली उरली तीन. दोन जखमींना त्यांच्या भावांनी सोडवून आणलं आणि येता येता ती नावंही पुसली. सुमनचं नाव मात्र तसंच राहिलं. तिच्या घरचं कोणी फळ्यापर्यंत आलं तर आपली सून खडी फोडत होती हे लोकांसमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. सासऱ्यांनी तर बाजारतळावरची वाटच सोडली. आणि गुरुसिद्धप्पा रोज सकाळी येऊन तिच्या नावाच्या भोवतीनं बातमी लिहीत. "पुसायचं घरच्यांनी," ते स्वतःशीच पुटपुटत. जित्या माणसाचं नाव कोणी पुसायचं, याची रीतच नव्हती. ते फडकं उचलत आणि खाली ठेवत.

अठ्ठावीस दिवस ते नाव राहिलं. शहरातून पेपरवाले आले, त्यांनी माझ्यावरून उतरवून घेतलं. परगावची माणसं बैलगाड्या जुंपून गोळीबाराची जागा बघायला येत. जाताना माझ्यासमोर थांबत आणि विचारत, "ही कुठल्या घरची? भेटंल का?" एकदा पाहुणे आले. सुमनच्या नणंदेला बघायला सीमेपलीकडून आलेली चार माणसं. घर कुठं म्हणून विचारायला ते ओसरीवर चढले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं सासऱ्यांचं नाव माझ्यावर वाचलं, मग ती सगळी ओळ वाचली आणि बाकीच्यांना कानडीत सांगितली. पाणीसुद्धा न पिता ते माघारी वळले. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. मला हात असते तर मी ते नाव केव्हाच खरवडून काढलं असतं.

एकोणतिसाव्या दिवशी बाजार होता. तळावर एस.टी. थांबली आणि काठी टेकत एक बाई उतरली. तिचा भाऊ तिला दवाखान्यातून थेट माहेरी घेऊन चालला होता. सासरहून तसाच निरोप होता. दुसऱ्या गाडीला अर्धा तास होता. तोंडावरचा पदर तिनं मागं टाकला. ती ओसरीच्या तीन पायऱ्या एकेक करून चढली. सोसायटीच्या माठात तिनं पदर बुडवला.

गुरुसिद्धप्पा उठले. "पोरी, मी पुसतो. माझं चुकलं."

"ऱ्हाऊ द्या, काका. घरच्यानं पुसायचं असतं न्हवं?" ती म्हणाली. "घर ऱ्हायलं न्हाय. म्हून मीच आले."

तिनं पुसलं. आधी तो शब्द, मग सासऱ्यांचं नाव, शेवटी स्वतःचं. ओला होतो तोवर मी काळाभोर दिसलो. ती गाडीत बसून गेली. ऊन माझ्यावर आलं, मी वाळू लागलो, आणि मित्रांनो, ती अक्षरं फिकट होऊन पुन्हा वर आली. अठ्ठावीस दिवस मुरलेला खडू होता तो. गुरुसिद्धप्पा ते बघत बसून राहिले. त्यांनी नंतर मला दोनदा काळं केलं. तरी पावसाळी हवेत नवा रंग फुगायचा आणि खालची ती ओळ वर यायची.

पुढं गुरुसिद्धप्पांनी स्वतः नवी रीत घातली. कोणाचंही नाव लिहिण्याआधी ते त्या घरच्या उंबऱ्याशी जाऊन विचारत, "लिव्हू का? किती लिव्हू?" ते वारले तेव्हा त्यांच्या लेकीलाही तसंच विचारून मगच नाव लिहिलं गेलं. पुढं सिमेंटचा फळा आला आणि मी इथं आलो. सुमन सासरी परतली नाही. माहेरच्या दूध सोसायटीत ती सकाळी दूध मापून घेते. भिमाबाई अधूनमधून तिला भेटून येते. तिथं तिला सगळे खऱ्या नावानं हाक मारतात, असं भिमाबाई ओसरीवर सांगते ते मला इथं ऐकू येतं.

तुम्हीही उद्या लिहाल, बोलाल, कोणाच्या दुःखाची बातमी पुढं न्याल. त्या वेळी आधी त्या उंबऱ्याशी जा. आता या खोलीत खताची ओल आहे, आणि माझ्या तोंडावर काय उमटलं असेल ते मला ठाऊक आहे. म्हणून मला असाच पाठमोरा उचला, असाच शाळेत न्या, आणि भिंतीकडे तोंड करूनच ठोका. माझी पाठ कोरी आहे. तिला काळा रंग द्या आणि तिच्यावर तुमचं ग म भ न लिहा. पुढची बाजू तिची आहे, आणि तिनं अजून कोणाला ती बघायची परवानगी दिलेली नाही.