गोदामाचं नाक

बाळांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की तुम्ही तपकिरी काचेची एक बाटली आहात. बिअरची बाटली. बिअर हे मोठ्या माणसांचं पेय, ते राहू द्या त्यांच्यापाशी. पण बाटलीचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. दूरच्या एका कारखान्यात भिजवलेल्या, शिजवलेल्या, आंबवलेल्या बार्लीचं पाणी तुमच्यात भरलं गेलं आणि वरून पत्र्याचं बूच बसलं. उजेड लागला की बिअर बिघडते, म्हणून तुमचा रंग असा गडद. मग तुम्ही ट्रकमध्ये चढलात, मोठ्या गोदामात उतरलात आणि तिथून अकोल्यातल्या एखाद्या दुकानात गेलात. एके दिवशी कुणीतरी तुम्हाला रिकामं केलं आणि बांधावर टाकून दिलं.

संपला प्रवास? छे! कारखान्याला तुम्ही परत हव्या असता. नवी बाटली घडवायची तर भट्टी पेटवावी लागते, जुनी नुसती धुतली की झालं. वऱ्हाडात एप्रिल तापला की मागणी इतकी वाढते, की कारखान्यात बिअर तयार असते आणि भरायला बाटल्याच नसतात. अशा वेळी कारखान्याची सगळी भिस्त असते ती गावोगावच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या माणसांवर.

अशीच काही माणसं अकोल्यात कुर्बानचाचांच्या गोदामात काम करायची. नत्थुजी आपली तीनचाकी गाडी घेऊन तेल्हारा, बार्शीटाकळी अशा गावांतून बाटल्यांची पोती आणायचे. पार्बताबाई तोंडाचे टवके उडालेल्या आणि दुसऱ्याच कंपनीचं नाव कोरलेल्या बाटल्या बाजूला काढायची. त्यातून उरलेली प्रत्येक बाटली बिल्कीसच्या हाताखालून जायची. बिल्कीसचं काम वास घेण्याचं. सगळे तिला ‘गोदामाचं नाक’ म्हणायचे.

वास कशाला घ्यायचा? आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे रिकामी बाटली कधी रिकामी राहते का? कुणी तिच्यात फिनाइल भरतं, कुणी गाडीचं तेल. कपाशीवर फवारणी सुरू झाली की शेजाऱ्याकडून थोडं औषध मागून आणायलाही हीच बाटली. औषध म्हणायचं, पण ते असतं विष. कारखान्यातलं यंत्र धूळ धुतं, कागद सोडवतं. काचेला धरून बसलेलं विष सगळं निघेलच असं कोण सांगणार? म्हणून बिल्कीस प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून हाताने हलका वारा घ्यायची. नाक कधी बाटलीला लावायची नाही. तेवढ्यावर तिला कळायचं, ही जाईल आणि ही जाणार नाही.

तिची मुलगी लुबना सहावीत होती. सकाळची शाळा सुटली की ती गोदामात येऊन अम्मीजवळच्या उलट्या क्रेटवर बसायची. लहानपणी तिने विचारलं होतं, “अम्मी, एखादी राहून गेली तर कुणाला कळणार आहे?”

तेव्हा बिल्कीस म्हणाली होती, “ज्याच्या घशात जाणार, त्याले आपण पाहत नाही, तो आपल्याले पाहत नाही. मंग त्याच्या वाट्याचा वास आपणच घ्यायचा.”

लुबनाला आईचा फार अभिमान होता. पण यंदाच्या ईदला विपरीत घडलं. शिरखुर्म्याचं दूध तळाला लागलं होतं, करपल्याचा वास पार अंगणापर्यंत गेला होता, आणि अम्मी मात्र हसतमुखाने वाट्या भरत होती. लुबनाने तिला मागच्या खोलीत ओढून नेलं. तेव्हा कळलं, की हिवाळ्यातल्या तापानंतर अम्मीला कसलाच वास येत नव्हता. ना अत्तराचा, ना लसणाचा.

“किसीको मत बोल, बेटा,” अम्मीने तिचे दोन्ही हात धरले होते. “नाक गया तो गोदाम में मेरा क्या काम?”

लुबनाने कबूल केलं. त्या दिवसापासून ती आईचे हात बघत बसायची. बिल्कीस वारा घेतल्यासारखं करायची, पण खरं काम चालायचं डोळ्यांचं. उजेडात धरली की तेलकट बाटलीवर रंगीत पापुद्रा दिसतो, तो ती अचूक हेरायची. विषाचा मात्र डाग दिसत नाही. त्यासाठी तिने वेगळीच युक्ती काढली होती. तेल्हाऱ्याकडची पोती लाल सुतळीने बांधलेली यायची. तो कपाशीचा मुलूख. लाल सुतळीच्या पोत्यातल्या ज्या बाटलीत चिंधीचा बोळा दिसे किंवा जराही शंका येई, ती बिल्कीस सरळ बाद करायची. बार्शीटाकळीकडे कपाशी कमी, तिकडच्या पोत्यांना साधी सुतळी. त्या बाटल्या ती नुसत्या नजरेखालून घालायची.

त्या दिवशी कारखान्याकडे जाणारा ट्रक दारात लागला होता. निम्मा माल चढला होता. कुर्बानचाचा घाम पुसत ओरडत होते, “हात चालवा वो बायांनो! तिकडे कारखाना बाटल्यायसाठी अडून बसला हाय. अन् माल पाहून द्या. मागच्या साली त्या बायपासवरच्या गोदामवाल्याचा माल वापस आला, त्याच्या दाराले कुलूपच लागलं.”

“तोंड चालवल्यानं क्रेट भरत असते, तं चाचा एकटेच ट्रक भरतीन,” पार्बताबाई तंबाखूचा खर्रा चघळत पुटपुटली.

लुबना हसली आणि त्याच क्षणी थांबली. अम्मीने आत्ताच क्रेटमध्ये ठेवलेल्या बाटलीकडून एक उग्र, डोकं धरणारा वास आला होता. तिने लांबूनच हाताने वारा घेतला. फवारणीच्या दिवसांत मामूच्या गावी वाऱ्यावर येतो, तोच वास.

पोतं साध्या सुतळीचं होतं.

“नत्थुकाका,” तिने विचारलं, “हे पोतं कुठलं?”

“बार्शीटाकळीचं,” नत्थुजी गाडी झाडता झाडता म्हणाले. “म्हंजे पोतं तिथलं. तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं लाल सुतळीवाली पोती उसवली, तं माल या पोत्यायत कोंबला. बाटली तं बाटलीच नं वं पोट्टे!”

लुबनाने ट्रककडे पाहिलं. अशी किती पोती होती कोण जाणे, आणि त्यांतली काही ट्रकमध्ये पोचली होती. ती आईच्या कानाशी वाकली.

“अम्मी, इसमें दवा की बू है.”

बिल्कीसने बाटली उजेडात धरली. काच लख्ख होती. तिने हाताने वारा घेतला, पुन्हा घेतला. मग ती बाटली पायाशी ठेवली आणि पुढची उचलली.

“आणि गाडीत चढल्या त्या?” लुबना कुजबुजली.

“चुप बैठ.”

“बिल्कीस, आटपलं का वो?” चाचांची हाक आली. ट्रकचा ड्रायव्हर ताडपत्री उलगडू लागला होता.

लुबनाने चाचांकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं, की गाडी थांबली असती. पण मग अम्मीला वास कसा आला नाही, हेही सांगावं लागलं असतं; तिने तर शब्द दिला होता. आणि अम्मीचं गुपित अम्मीच्या आधी चव्हाट्यावर मांडायचं तिच्याने होईना. गप्प बसणं तर त्याहून होईना. पुढची बाटली क्रेटकडे निघाली, तसं तिने आईचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“मी नाही बोलणार,” ती म्हणाली, “पण हातही नाही सोडणार. तूच बोल.”

बिल्कीसने हात सोडवून पाहिला. पोरीचे डोळे भरले होते, पण पकड ढिली होईना. दोघी तशाच बसल्या. ताडपत्रीची एक बाजू बांधून झाली. मग बिल्कीस लुबनासकट उठून उभी राहिली.

“चाचा, गाडी थांबवा. माल उतरवा लागते.” ती मोठ्याने म्हणाली. “मले वास येत नाही. हिवाळ्यापासून.”

ड्रायव्हरचे हात ताडपत्रीवरच थांबले. चाचा पुढे आले.

“हिवाळ्यापासून! अन् मले आज सांगून राहिली?” ते कडाडले. “परवा हंगामाची पहिली गाडी गेली नं, बाई! एखादा मरन तं कोन जबाबदार?”

चाचांनी दोन फेऱ्या मारल्या आणि कारखान्यात फोन लावला. “साहेब, कुर्बान बोलतो. मागच्या गाडीचा आमचा माल धुवायले घेऊ नका, पुन्हा तपासा लागते... हो, चुकी आमचीच हाय.” पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. चाचा ऐकून घेत होते. फोन ठेवल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला होता.

“कालच पोचला, अजून धुवायले घेतला नाही म्हणते. अल्लाची मेहरबानी.” ते धपकन खाली बसले. “पण आता हुंगन कोन?”

“मी,” लुबना म्हणाली.

“तू? हे इषाचं काम हाय, पोरी. तू शाळा शिक.”

“नाक तं माह्यंही शाबूत हाय बाप्पा,” पार्बताबाई म्हणाली. “फक्त तोंडात खर्रा हाय.”

“मंग थुक तो अगोदर!”

पार्बताबाईने खर्रा थुंकला, खळखळून चूळ भरली आणि पदराला हात पुसले. चाचा बिल्कीसकडे वळले. “आजपासून ही वास घेईन, तू उजेडात पाहशीन. पोतं कोनतंही असो, एकही बाटली सुटली नाही पाहिजे. कळलं?”

बिल्कीसने मान हलवली. नोकरी राहिली होती, पण ती भिंतीला टेकून बसली ती उठेचना. माल उतरू लागला. पार्बताबाई तिच्या शेजारी टेकली.

“इतके दिवस दवाखान्यात काहून नाही गेली वो?”

बिल्कीस हळूच म्हणाली, “गेली असती, अन् डॉक्टर म्हणला असता का आता कधीच येत नाही, तं?”

लुबनाने ते ऐकलं. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवण्याची खिडकी दुपारी बंद होते, हे तिला ठाऊक होतं. ती दाराशी गेली, ढिगातून आईच्या चपला शोधून काढल्या, आईच्या पायांसमोर त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवल्या आणि हात पुढे केला.