पेटीची रुंदी

“पेटीची रुंदी किती?” आनंदरावांनी फळ्यावर छडी आपटली.

“एल, सर!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

“मोजायची कुठून?”

“डाव्या भिंतीपासून, सर!”

“शाबास. परवा शिरूरला पेपरात हेच ओतायचं. अक्कल घरी ठेवून जायची.”

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. दौंड स्टेशनामागच्या शिकवणीच्या खोलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं क्वांटम मेकॅनिक्समधल्या पेटीत कोंडलेल्या कणाची उजळणी अशी करत होती. आनंदरावांना कोणत्याही कॉलेजाने ठेवून घेतलं नव्हतं. तो राग ते मुलांवर काढत आणि त्याला शिकवणं म्हणत.

केडगावच्या फुलवाल्यांची रंभा याच पेपरात गेल्या वर्षी नापास झाली होती. वडिलांनी, आप्पांनी, बजावलं होतं, “यंदा पास झालीस तर शाळंत मास्तरीण हो. न्हाईतर जेजुरीचं स्थळ हायेच.”

तिने हात वर केला. “सर, पेटीतला कण कवाच गप का बसत न्हाई? त्याची एनर्जी झिरो का होत न्हाई?”

“एन शून्य घ्यायचा नाही म्हणून.”

“पण का, सर?”

“मी सांगतोय म्हणून! फुलं विकणाऱ्यांनी ‘का’ विचारू नये. आईला विचार जा, शेवंती गप्प का बसते ते.”

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसला पहिल्या बाकावरचा पोपट. सरांची मर्जी त्याच्यावर होती, कारण त्याने आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता.

रंभा घरी आली तेव्हा तिची आई आक्काबाई ओसरीच्या दोन खांबांना दोरा ताणून तोरणाला बसली होती. फुलं अजून टोपलीतच होती. रंभाने रागाने दोरा छेडला. दोन्ही टोकं जागच्या जागी, मध्ये मात्र थरथरता फुगवटा. मधोमध बोट टेकवून छेडला, तर दोन फुगवटे.

“आगं, तुटंल की त्यो!”

“आये, थांब जरा.”

एन म्हणजे हे फुगवटे; फुगवटाच नाही तर लाट नाही, आणि लाट नाही तर कणच नाही. म्हणून शून्य चालत नाही. एवढं सांगायला त्या माणसाला फक्त एक दोरा लागला असता.

पेपरात पेटी आली. पण भिंती होत्या उणे ए आणि अधिक ए वर. एल कुठेच नव्हता आणि शून्य मधोमध बसलं होतं. पोपटाने पेन खाली ठेवलं. रंभानेही घाबरून आधी एलच लिहिला, मग खोडला. खांबापासून मोजा की मधून, दोरा तोच आणि फुगवटा तोच. ती मधून मोजू लागली.

शिरूरच्या स्टँडवर आनंदराव कौतुक ऐकायला उभे होते.

“आली ना पेटी?”

“आली, पर एल नव्हता, सर,” पोपट रडवेला झाला.

“छापणाऱ्याची चूक! मूर्ख लेकाचे.” ते रंभाकडे वळले. “तू काय केलंस गं, शेवंती?”

“सोडवलं.”

“म्हणजे चुकलंच असणार.”

ती एस.टी.त चढली.

निकाल लागला. रंभा पास झाली, पोपट राहिला. रीतीप्रमाणे सरांना पेढे द्यायला ती दौंडला गेली. वर्गाला दाखवावं म्हणून पिशवीत दोऱ्याचं रीळही घेतलं. नवी मुलं बसली होती.

“पेटीची रुंदी किती?”

“टू ए, सर!”

“मोजायची कुठून?”

“मधून, सर!”

आनंदरावांनी दारातच पेढा तोंडात टाकला. “बघा रे, ही माझी मेहनत,” असं वर्गाला सांगितलं आणि छडी घेऊन फळ्याकडे वळले.

मागच्या बाकावर एका मुलीचा हात अर्धा वर गेला. सरांनी नुसतं पाहिलं. हात खाली आला.

आप्पांनी पाचच्या गाडीने परत यायला सांगितलं होतं. गाडी शिटी देऊन गेली. रंभा रीळ हातात धरून बाहेरच्या पायरीवर बसून राहिली, वर्ग सुटून ती मुलगी बाहेर येण्याची वाट बघत.