यंदाच्या पत्रिकेतला फोटो

संशोधन संस्थेच्या वार्षिक सप्ताहाची कार्यक्रमपत्रिका फोनवर येऊन पडली, तेव्हा मास्तर बाल्कनीत दोन शर्ट आणि एक टॉवेल वाळत घालत होते. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. विज्ञानाशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांची बायको त्या संस्थेत हयातभर गांडुळांवर संशोधन करत होती. ती गेली, आणि पुढच्या वर्षापासून संस्थेने तिच्या नावाने एक स्मृतिव्याख्यान सुरू केलं. त्या दिवशी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मास्तरांची. तिच्यावर 'राखीव' असा कागद चिकटवलेला असतो. एरवी वर्षभर मास्तरांसाठी कुणी कुठे काही राखून ठेवत नाही, त्यामुळे त्या कागदाचं त्यांना फार अप्रूप.

पत्रिकेसोबत निरोपही होता. संस्थेचे कार्यक्रम बघणारी मुलगी नवी होती, पण बोलायला लाघवी. तिने लिहिलं होतं, 'काका, ही छापायला पाठवतेय. एकदा नजर घाला, काही चुकलं असेल तर लगेच कळवा हं.'

मास्तरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि सावकाश वाचायला घेतलं. सोमवारी ताऱ्यांच्या जन्मावर व्याख्यान. बुधवारी समुद्राच्या तळावरचा माहितीपट. गुरुवारपासून चित्रप्रदर्शन, चित्रं शास्त्रज्ञांनीच काढलेली, म्हणून प्रवेश मोफत. शनिवारी संध्याकाळी व्हायोलिनवादन, आणि त्याच सभागृहात त्याच्या अगोदर हिचं व्याख्यान. मास्तर अजूनही 'हिचं व्याख्यान' असंच म्हणायचे, जणू ती स्वतः उभी राहून बोलणार होती. खाली तिचा फोटो होता.

फोटो तिचा नव्हता.

मास्तरांनी फोन लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. फोटोतली बाई चांगली ओळखीची होती, पण ती धाकटी होती. एकाच टेबलाशी शेजारी शेजारी बसून दोघी जणींनी आयुष्यभर गांडुळं मोजली होती. मास्तरांची बायको वयाने आणि हुद्द्याने मोठी, म्हणून ती थोरली, आणि तिची मदतनीस ती धाकटी. शिपायापासून वरपर्यंत सगळी संस्था त्यांना याच नावांनी ओळखायची. दोघींचा एक जुना फोटो संस्थेत होता. मुलीने तो मधोमध कापला होता आणि नेमका भलताच अर्धा ठेवला होता. तिला तरी काय बोलणार? तिने थोरलीला कधी पाहिलंच नव्हतं.

मास्तरांनी तिचा नंबर काढला. अंगठा टेकायच्या बेतात होता, तो तिथेच थांबला.

त्यांच्या मनात आलं, आपण सांगितलं की ती बिचारी फोटो बदलेल, 'सॉरी काका' म्हणेल आणि विषय संपेल. पण नाही सांगितलं तर? ही पत्रिका शेकडो लोकांकडे जाणार. हिच्याबरोबर काम केलेले, हिच्या हाताखाली शिकलेले, हिच्याशी कडाकडा भांडलेले, सगळे बघणार. त्यातल्या एकाचा तरी फोन येईल, 'अहो मास्तर, हा काय घोळ घातलाय? ही आपली थोरली नव्हे!' एवढं एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला त्यांचा जीव आसुसला. मूलबाळ नव्हतं. तिची भावंडं एकामागून एक गेली होती. तिचा चेहरा आपल्याशिवाय आणखी कुणाला आठवतो का, हे त्यांना कळायलाच हवं होतं. त्यांनी मुलीला उत्तर टाकलं, 'बघितली. छान आहे.' खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग फोनची वाट बघणं सुरू झालं. अंघोळीला जाताना मास्तर फोन बाथरूमच्या दाराशी स्टुलावर ठेवू लागले. फोन येत नव्हते असं नाही. मोबाइल कंपनीचा आला. एका बाईंचा आला, त्यांना प्लंबर हवा होता आणि त्यांनी चुकीचा नंबर लावला होता. मास्तर त्यांच्याशी गळक्या नळाबद्दल बराच वेळ बोलले. त्या बाईच शेवटी कंटाळल्या.

घर एवढं शांत पूर्वी कधी नव्हतं. मास्तर शाळेत वाकून उभ्या राहणाऱ्या पोरांवर 'गांडुळासारखा काय उभा राहतोस रे?' म्हणून डाफरायचे, आणि हे तिच्या कानावर गेलं की घरी रणकंदन व्हायचं. 'तुझ्या त्या पोरांपेक्षा माझी गांडुळं शंभरपट उद्योगी आहेत,' ती म्हणायची. 'आणि त्यांना शिट्टीही लागत नाही.' मास्तरांना त्या भांडणाची आठवण यायची आणि काहीतरी खणखणीत उत्तर सुचायचं. ते ऐकायला समोर भिंत असायची.

एकाचाही फोन आला नाही, तेव्हा मास्तरांनाच राहवेना. चित्रप्रदर्शनाचं निमित्त काढून ते संस्थेत गेले. लिफ्टशेजारच्या फलकावर पत्रिका मोठी करून लावली होती. शाळेत मधल्या सुट्टीत मैदानावर उभे राहायचे तसे मास्तर हात मागे बांधून फलकाजवळ उभे राहिले. माणसं येत होती, थांबत होती, वाचत होती. विद्वान माणसं पत्रिकेत खरं तर एकच गोष्ट शोधतात, शेवटी चहा आहे की नाही. चहा आहे हे बघून ती समाधानाने लिफ्टमध्ये शिरत होती.

तेवढ्यात संचालक आले. हे गृहस्थ थोरलीचे विद्यार्थी. तिने त्यांचा प्रबंध इतक्या वेळा परत लिहायला लावला होता, की ते मास्तरांच्या स्वयंपाकघरात बसून रडले होते.

"अरे वा, मास्तर! शनिवारी येताय ना?" ते म्हणाले. मग फलकाकडे बघून त्यांनी मान डोलावली. "बाईंचा फोटो यंदा झकास निवडलाय. काय करारी नजर आहे! अशा बघायच्या आणि आमची बोबडी वळायची."

धाकटीने जन्मात कुणाकडे करारी नजरेने पाहिलं नव्हतं. एखादं गांडूळ दुखावलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मास्तरांना वाटलं, या माणसाला मैदानाला फेऱ्या मारायला लावाव्यात, चांगला घाम निघेपर्यंत. पण संचालकांना फेऱ्या मारायला लावता येत नाहीत. "येतो की," एवढंच म्हणून मास्तर जिना उतरले. घरी येऊन त्यांनी कपाटातला तिचा फोटो काढला आणि नीट निरखून पाहिला. सगळेच एकमताने चुकले, की माणसाला स्वतःचीच शंका येते. पण नाही, फोटोत तीच होती, ओठ मुडपून, आता काहीतरी टोचून बोलणार अशी.

आता सगळी भिस्त धाकटीवर होती. ती भाच्याकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती, आणि गेल्या वर्षीच्या व्याख्यानानंतर दोघांची गाठ पडली नव्हती. पण शनिवारी ती येणारच. आणि हा तर तिचा स्वतःचा चेहरा! बाकीचे विसरले तर विसरले. ती फोटो बघून पोट धरून हसेल, म्हणेल, 'भावोजी, मला जिवंतपणीच पोचवलं की हो यांनी!' मग आपणही हसू, आणि दोघं मिळून तिच्या ताईची, म्हणजे थोरलीची, खरी नजर कशी होती ते त्या संचालकांना सांगू. तिच्या वाट्याची वाक्यंसुद्धा मास्तरांनी तयार करून ठेवली.

शनिवारी मास्तर सभागृहात शिरले आणि दारातच थबकले. सभागृह गच्च भरलं होतं. हिच्या व्याख्यानाला एवढी गर्दी! त्यांचा ऊर भरून आला. मग पडद्यामागून व्हायोलिन जुळवण्याचे सूर ऐकू आले, मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "बरं झालं लवकर आलो, नंतर जागा मिळत नाही," आणि मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. ते आपल्या राखीव खुर्चीत जाऊन पाठ ताठ करून बसले.

थोड्या वेळाने भाचसुनेच्या हाताला धरून धाकटी आली. भाचसुनेने तिला मास्तरांच्या शेजारी बसवलं. "हल्ली फार विसरतात, पण आठवडाभर एकच ध्यास होता आत्यांचा, ताईच्या व्याख्यानाला जायचंय," एवढं सांगून ती मागे जागा शोधायला गेली.

धाकटीने मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं. "काय हे भावोजी, पोट सुटलंय! पीटी मास्तर ना तुम्ही?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हिची गाडी अगदी रुळावर होती. "तू फोटो बघितलास का?" त्यांनी विचारलं.

"कुठला फोटो?"

"थांब, दाखवतील आता."

दिवे मंद झाले. कार्यक्रमवाल्या मुलीने माइकवर चार शब्द सुरू केले आणि पडद्यावर भिंतभर फोटो उमटला. मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. ते धाकटीकडे बघत होते, कधी एकदा ही हसते म्हणून.

धाकटी हसली नाही. तिचा हात तोंडाशी गेला आणि डोळे भरून आले. "अगंबाई, ताई!" ती म्हणाली. "किती गोड दिसतेय हो! आणि हा स्वेटर माझा. त्या खोलीत गारठा फार. ताईला सोसायचा नाही, म्हणून मीच अंगातला काढून दिला होता तिला."

तिला स्वेटर ओळखता आला होता. चेहरा ओळखता आला नव्हता, ना ताईचा, ना स्वतःचा.

"अगं धाकटे, ही तर..." ते म्हणाले, पण ती ऐकत नव्हती. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती काहीतरी शोधत होती.

"मी कुठेय, भावोजी?" तिने विचारलं. आवाज रडवेला झाला होता. "आम्ही कायम बरोबर असायचो. मला का काढलं यांनी?"

मास्तरांना खरं सांगता आलं असतं. पण मग तिला आत्ताच भेटलेली ताई पुन्हा गेली असती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पत्रिकेत फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर संस्थेचं बोधचिन्ह छापलेलं होतं. इथे ते नव्हतं. तिथे, फोटोच्या अगदी कडेला, टेबलावर टेकवलेला कुणाचा तरी कोपर दिसत होता. मास्तरांनी तो क्षणात ओळखला. लग्न झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर त्यांचं त्या कोपराशी वैर होतं. 'कोपर खाली घे, पाठ ताठ ठेव,' ते म्हणायचे, आणि ती मुद्दाम दुसराही टेकवायची. एवढ्या मोठ्या सभागृहात तिचं म्हणून तेवढंच होतं, आणि ते फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यांना इतका आनंद झाला, की ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

शेजारी धाकटी त्यांची बाही ओढत होती. "सांगा ना, कुठेय मी?"

मास्तरांनी बोट उचललं. "तो कोपर दिसतोय? तिथे खाली, कडेला. ती तू. अगदी खेटून बसलीयस तिला. फोटोत मावली नाहीस, एवढंच."

धाकटीने डोळे बारीक करून पाहिलं. चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. "हो की! माझाच आहे तो," ती म्हणाली आणि मास्तरांच्या हातावर थोपटलं. "बरं झालं बाई. मला वाटलं, विसरलेच सगळे मला."

"असं कसं विसरतील?" मास्तर म्हणाले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. अंधारच होता.

मुलीचं प्रास्ताविक संपलं. पडदा एकदा पांढरा झाला, आणि फोटोच्या जागी व्याख्यात्यांची पहिली आकृती आली. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मास्तरांनीही वाजवल्या.