सरफराजच्या नावापुढचा शेरा

सरफराजला संघात ठेवायचं की नाही, याचा निकाल कंपनीच्या कँटीनमध्ये केव्हाच लागून गेला होता. ज्यांनी जन्मात हॉकी स्टिक हातात धरली नाही, तेसुद्धा डाळभात कालवता कालवता सांगत होते, "बॅक आहे ना तो? मग गोलाजवळ थांबायला काय होतं त्याला?" चाकणच्या त्या कारखान्याचा संघ औद्योगिक स्पर्धेची अंतिम लढत शेवटच्या चार मिनिटांत हरला होता. एवढं हरल्यावर कुणाच्या तरी माथी खापर फोडायला हवंच, आणि सरफराजचा माथा आयता सापडला.

शिक्कामोर्तब तेवढं प्रशिक्षक सयाजी कुदळे यांच्याकडून व्हायचं होतं. खेळाडूंचा करार वर्षावर्षाचा. मार्चअखेर प्रत्येकाच्या नावापुढे प्रशिक्षकानं शेरा लिहायचा आणि कागद एचआरच्या मिनल मॅडमकडे द्यायचा. सरफराजचं हे तिसरं वर्ष. आणखी एकदा करार झाला की नोकरी कायम, असा कंपनीचा रिवाज होता. नाही झाला, तर गेटवर पास जमा करून रहाटणीत बापाच्या, वजीर मिस्त्रीच्या, गॅरेजात पाना हातात घ्यायचा.

तो कागद आठ दिवस सयाजींच्या खिशात चुरगळत होता. कँटीनला जे ठाऊक नव्हतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सयाजी मुरमाच्या मैदानावर वाढलेले. मुरमावर चेंडू उडतो, लांबचा फटका कुठं जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅकनं चेंडू स्टिकला धरून स्वतःच पुढं न्यायचा, हे त्यांनी सरफराजला तो शाळेत असल्यापासून शिकवलं होतं. सोबत एक नियमही शिकवला होता: बॅक पुढं गेला, की दुसऱ्या कुणीतरी मागं थांबायचं. यंदा संघाच्या निम्म्या गोलांची सुरुवात सरफराजच्या अशा धावेनंच झाली होती, पण ते आता कुणाला आठवत नव्हतं.

अंतिम सामना कृत्रिम गवताच्या टर्फवर होता, आणि त्यावर पाणी मारणारा टँकर वेळेवर आलाच नाही. कोरड्या टर्फवर चेंडू अडखळायला लागला, तसा सयाजींना आपला मुरूम आठवला. "मारू नको, घेऊन जा," त्यांनी सरफराजला सांगितलं. "आन धम्मरत्नलाबी पुढंच राहू दे. असल्या मैदानावर मागं कुणी लागत न्हाई." धम्मरत्न म्हणजे मधल्या फळीतला हाफ, एरवी सरफराज पुढं गेला की त्याची जागा राखणारा. डाव लागू पडला, मध्यंतराला संघ एका गोलानं पुढं होता.

मध्यंतरात टँकर आला. टर्फ भिजलं, चेंडू सुसाट पळू लागला. आता हिसकावलेला चेंडू थेट गोलापर्यंत जाणार, मागं माणूस हवाच होता; पण दिलेली सूचना मागं घ्यायची सयाजी विसरून गेले. ओलं टर्फ डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात मात्र मुरूमच होता. शेवटी सरफराजच्या स्टिकवरून चेंडू दोनदा हिसकावला गेला. दोन्ही वेळा मागं मोकळं रान होतं, आणि दोन्ही वेळा गोल झाला.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत फक्त चेंडूमागं धावणारा सरफराज दिसत होता.

सोमवारी सरावानंतर सयाजींनी त्याला गाठलं. तो स्टिकला पट्टी गुंडाळत बसला होता.

"समदे तुला बोलत्यात. तू का गप हाईस?"

"काय बोलू, सर?"

"टर्फ भिजलंय, ते कळलं न्हवतं का तुला?"

"पहिल्याच पासला कळलं. दोनदा बघितलं तुमच्याकडं. तुम्ही हात केला नाही. म्हटलं, सरांनी काहीतरी विचार केला असेल." पट्टीचं टोक दातानं तोडून तो म्हणाला, "जाऊ द्या. तुमचाही करार वर्षाचाच आहे ना."

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर सयाजींना बरं वाटलं असतं. कारखान्याच्या पेंट शॉपमधून, म्हणजे रंगकाम विभागातून, निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. चारचा सराव सोडला, तर त्यांच्या दिवसात दुसरं काही उरलं नव्हतं. हे त्या पोराला कळत होतं, आणि म्हणून तो ऐकून घेत होता. सयाजींना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मिनलनं त्यांच्यापुढं पेन ठेवलं. "काका, 'जागा सोडतो' एवढं लिहा. धम्मरत्नला बॅक करू, तो शिस्तीचा आहे."

सयाजींनी लिहिलं: "सरफराज पुढं गेला तो माझ्या सांगण्यावरून. मागं कुणी ठेवलं नाही, ती चूक माझी. याच्यासारखा बॅक आपल्याकडं दुसरा नाही. करार करावा."

मिनलनं ते दोनदा वाचलं. "हे वर गेलं तर तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"भ्यालो," सयाजी म्हणाले.

एप्रिलमध्ये सरफराजचा करार झाला. सयाजींचा झाला नाही.

ते गेटवर पास जमा करत होते, तेव्हा सरफराज धावत आला. रागानं त्याचा आवाज फुटत होता. "महिनाभर सगळ्यांचं ऐकून घेतलं मी. कुणासाठी? तुमच्यासाठीच ना?"

"व्हय."

"मग का लिहिलंत?"

"बॅक पुढं गेला की मागं कुणीतरी थांबायचं," सयाजी म्हणाले. "त्या दिवशी मी इसरलो हुतो."

चार वाजायला आले होते. सयाजींनी गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली.

"जा. आधी टर्फवर पाणी मारलंय का बघ. कुणाचं ऐकायचं, ते मग ठरव."