माहेरच्या गावाचा खाना

मी सांगतो ते कुणाला खरं वाटणार नाही, आणि मी कुणाला शपथही घालत नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावं. नंबर यायला अजून वेळ आहे.

एवढं बोलून मी तापानं फणफणलेल्या सोनीबाईच्या शेजारी बाकावर टेकलो. साल दोन हजार सात. जुन्नरचा एक खाजगी दवाखाना. इथं मी, खंडू, पिंपळवंडीचा, ब्याऐंशी सालापासून केसपेपर सांभाळत आलो. आता सांभाळायला कागद नाहीत. दाराशी एक स्टूल दिलंय आणि नंबर पुकारायचं काम. चहा येतो, मी पितो. गार झाला की गरम होता, हे मला कळत नाही.

काउंटरवर कॉम्प्युटरपुढं बसते ती माझी मुलगी, स्वप्ना. जरा आधी तिनं सोनीबाईचं नाव विचारलं, वय विचारलं, सासरचं गाव आळे असं घातलं. मग विचारलं, "माहेरचं गाव?"

सोनीबाई भडकली. "माहेराशी काय करायचंय तुला? ताप मला सासरी आलाय."

सगळा बाक हसला.

"मावशी, तो खाना भरल्याबिगर पुढं जाता येत नाय."

"मंग नको जाऊ. भावांनी दार लावलंय मला. त्या गावाचं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाई."

आणि ती बाकावर येऊन तोंड फिरवून बसली. अंगात ताप असा की शेजारच्या बाईनं पदर आवरून घेतला. हिनं नाव सांगितल्याशिवाय कागद निघणार नाही, आणि समजावून सांगितलं तर ही ऐकणार नाही. म्हणून मी सुरू केलं.

"आधी इथं कॉम्प्युटर नव्हता, गाठोडी व्हती," मी म्हणालो. "एका गावाचं एक गाठोडं, पांढऱ्या फडक्यात. पिंपळवंडीचं एवढं वाढलं का त्याच्यावर चढलं की शिवनेरी खाली दिसायचा."

"खोटं!" समोरून चांगदेव म्हणाला. साखरेचा पेशंट, दर सोमवारी येतो.

"बरं, बरोबरीत दिसायचा. आणि उंदीर? केसपेपर खाऊन खाऊन शहाणं झालं व्हतं. एकानं नुसतं ब्लडप्रेशरवाल्यांचं कागद खाल्लं. तो पुढं बिनमिठाचं मागायला लागला."

लोक हसले. मी हसत नाही. सांगताना माझा आवाज सरळ जातो, त्यामुळं लोक जास्त हसतात.

"मंग पुण्याहून अमृत नावाचा माणूस कॉम्प्युटर घेऊन आला. नारळ चांगदेवनं फोडला. आमच्या घरात नारळ फोडत नाहीत, पण खोबरं खातो मी. सगळी गाठोडी त्या डब्यात भरली."

"एवढ्याशा डब्यात?" सोनीबाईनं तोंड थोडं इकडं वळवलं.

"मी वजन केलं ना. आधी केलं, भरल्यावर केलं. अर्धा किलो वाढलं. ते बी घाटघरमुळं. तिकडं पाऊस लई, कागद वलं असत्यात."

"लई फेकताय आबा."

"फेकत असंन. पण ह्याला विचारा. ह्याचं रक्त काढलं, की बाही खाली करायच्या आत साखर डॉक्टरांच्या टेबलावर."

"हे मात्र खरंय," चांगदेव म्हणाला. "पूर्वी दुपार व्हायची. आणि जुनी औषधंबी आता कुणाच्या हातात पडत न्हाईत. तारीख सरत आली की आधीच सांगतो तो डबा."

"बघा. आणि हा माहेरचा खाना अमृतच्या यादीत नव्हता. मी घालायला लावला. तो म्हणला, आजोबा, पुण्यात असलं कुणी मागत नाय. मी म्हणलं, पुण्यात नका घालू. हितं घाला."

"का पण?" सोनीबाई म्हणाली. "बायकांच्या माहेरात काय पुरलंय तुमचं?"

"माझी बायको आजारी पडली," मी म्हणालो. "जानकाबाई."

काउंटरवर टाइप करण्याचा आवाज थांबला. मला ऐकू आलं. मी बोलत राहिलो. एकदा गोष्टीला लागलो की मला थांबता येत नाही.

"कांद्यात काम करताना पायात काटा गेला. पाय सुजला, पू झाला, ताप चढला. हितं आणली. डॉक्टरांनी सुई भरली आणि विचारलं, बाई, कुठली सुई बाधली व्हती का कधी? ती म्हणाली, बाधली व्हती एकदा, पोरीच्या येळंला. नाव काय ठावं? डॉक्टर म्हणलं, खंडू, हिचा जुना कागद काढ. पळ. मी पिंपळवंडीचं गाठोडं सोडलं..."

"गाठोडं?" चांगदेव म्हणाला. "कॉम्प्युटर आला व्हता ना?"

"सवय," मी म्हणालो. "तोंडात तेच येतं. कॉम्प्युटरात बघितलं, पिंपळवंडी. एकेक नाव. दोनदा. तिचं नव्हतं."

 आतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. मला मात्र फडकं दिसत होतं. चौकोनी, एका कोपऱ्याला शाईचा डाग. कागद परत आत घातले, फडकं बांधलं, वर दोन गाठी मारल्या. एक पुरली असती. दुसरी का मारली ते अजून माहीत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"मंग?" सोनीबाई म्हणाली.

"मंग काय. मी कपाळाला हात लावून बसलो. डॉक्टर आतून हाका मारतायत, ताप वाढतोय, आता थांबता येत नाय म्हणतायत. आणि तेवढ्यात कॉम्प्युटरनं आपला आपण सवाल टाकला. 'बाईचं माहेर?'"

"आपला आपण?"

"आपला आपण. काचेवर हिरवी अक्षरं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्या डब्याला ठाऊक, आणि मला नाय. ती घाटघरची. तिच्या भावानं तिकडून जीपमधनं हितं आणली व्हती, कागदावर बापाचं नाव, गाव घाटघर. मी नोकरीला लागायच्या आधलं साल. बाळंतिणीकडं नवरा जात नाय, बारशाला जातो. ती हितं बाळंत झाली हे माहीत व्हतं, सुईचं कोण सांगतंय? सोळा वर्षं घाटघरचं गाठोडं मीच झटकत व्हतो. पण त्याच्याबी आधीपासनं माझ्या घरात नांदलेली बाई, तिला घाटघरची कोण म्हणतंय?"

सोनीबाई माझ्याकडं बघत होती. तोंड उघडं.

"डब्यानं घाटघर उघडलं. तिचा कागद. वर लाल अक्षरात, ही सुई देऊ नये. डॉक्टरांच्या हातातली सुई तशीच ट्रेमध्ये. दुसरी दिली. तिसऱ्या दिवशी जानकाबाई चालत एस. टी. स्टँडवर."

 मग सोनीबाई उठली, भिंतीला हात टेकत काउंटरपाशी गेली.

"लिही गं. घोडेगाव. गाव सांगितलं, भाऊ सांगितलं न्हाईत हां."

स्वप्नानं बोटं चालवली. जरा वेळानं म्हणाली, "मावशी, तुमचा जुना कागद निघालाय. घोडेगावच्या नावावर, सत्त्याऐंशीचा. कावीळ झाली व्हती का?"

"झाली व्हती! मरता मरता वाचले. तुला कसं ठावं?"

"हितं लिवलंय. हितनं कागद निघतोय तो डॉक्टरांना दाखवा, मगच औषध घ्या."

प्रिंटरमधून कागद निघाला. सोनीबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, लग्नाच्या पत्रिकेसारखा, आणि परत माझ्याशेजारी येऊन बसली. गोष्ट इथं संपली होती. मी उठून स्टुलावर जायला हवं होतं.

"आबा," ती म्हणाली, "मालकीण कशी हाय आता?"

"ठणठणीत," मी म्हणालो. "पाय जरासा वढती, पण शेतात जाती."

"बाई गं. नशीबवान तुमी."

"हा काय, डबा." मी पिशवीतून काढून मांडीवर ठेवला, झाकण उघडलं. "सकाळी तिनंच थापली भाकरी. कड जरा करपवती. सांगून सांगून थकलो, ऐकत न्हाई."

सोनीबाई वाकून बघत होती. चांगदेवही.

काउंटरवरून आवाज आला. स्वप्नानं मान वर केली नव्हती, ती काचेकडंच बघत होती.

"आबा, कॉम्प्युटर दोन हजार चार साली आला. आई अठ्ठ्याण्णवला गेली. भाकरी मी थापलीया."